हरकत कसली त्यात

माझ्या आईला नाही म्हणता येत नाही. 'नाही' हा शब्द तिच्या तोंडी दिवसभर असतो, पण तो 'हरकत'चं बोट धरूनच बाहेर पडतो. शेजारच्या काकू मिक्सर मागायला आल्या आणि आमचंच वाटण भांड्यात अर्धवट असलं, तरी हरकत नाही. पाहुणे न कळवता आले, हरकत नाही. कळवून आलेच नाहीत, तरी हरकत नाही. दवाखान्यात हिच्या पुढे कुणी घुसलं, तर ही बाकावर सरकून त्याच्या पिशवीलाही जागा करून देते. माझे वडील, आप्पा, होते तोवर तिला 'हरकतनाहीबाई' म्हणून चिडवायचे आणि वर 'भीड भिकेची बहीण' हेही ऐकवायचे. त्यावरही तिची हरकत नसायची.

ठणकावून नाही म्हणायला तिला एकच माणूस सापडलं, ते म्हणजे मी. सहलीला नाही, सायकलला नाही, पुण्यातल्या नोकरीला तर मुळीच नाही. पोटच्या पोरीची भीड कोण धरतं? लहानपणी मला याचा राग यायचा, मोठेपणी हसू यायला लागलं. आता पुन्हा राग येतो, आणि तो का येतो तेच सांगायला बसले आहे.

सांगलीत माणसं काळ पुरानं मोजतात. माझं लग्न दोन हजार एकेचाळीसच्या पुराच्या आदल्या वर्षी झालं. नवरा भरतेश चौगुले, लग्नाकार्यात ड्रोननं चित्रीकरण करणारा. माणूस गोड बोलणारा आणि भेटेल त्या थोरामोठ्याला वाकून नमस्कार करणारा. पूर आला तेव्हा आप्पा जाऊन थोडेच महिने झाले होते आणि आई नदीकाठच्या घरात एकटीच राहत होती. पाणी वाढलं ते इतक्या झपाट्यानं, की तिला गल्लीबाहेर पडता आलं नाही. ती पत्र्यावर चढून बसली. प्रवाहाला ओढ एवढी होती की बोटीवाले गल्लीच्या तोंडाशी येऊन परत जात होते.

भरतेशनं आपला मोठा ड्रोन उडवला. आधी पाणी आणि तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या. मग एक दोरी नेऊन समोरच्या इमारतीतल्या पोरांच्या हातात दिली, त्यांनी ती टाकीला बांधली, आणि त्या दोरीला धरून बोट आत गेली. आई वाचली. त्याच दोरीनं गल्लीतली बाकीची माणसंही बाहेर आली. पेपरात भरतेशचा फोटो 'पूरवीर' म्हणून छापून आला आणि मला नवऱ्याचा फार अभिमान वाटला. हे मी लपवणार नाही. खोटं कशाला बोला!

पुढच्या दिवाळीपर्यंत सांगलीत घरटी एक ड्रोन झाला. मग रडगाणी सुरू झाली. कुणाच्या न्हाणीघराच्या झरोक्यावर ड्रोन घिरट्या घालू लागला, कुणाच्या बुंदीच्या कढईत येऊन पडला. सरकारनं नेहमीप्रमाणे वर्तमानपत्रात नोटीस देऊन हरकती व सूचना मागवल्या. ड्रोन विकणारे आणि निवृत्त मुख्याध्यापक, एवढ्यांनीच पत्रं पाठवली. शेवटी एका शाळेच्या सभागृहात जनसुनावणी ठेवली. आई आणि मी पुढच्या रांगेत होतो, कारण भरतेश बोलणार होता.

"बंदुकीला लायसन लागतंय, मग ह्या भुंग्याला का नगं?" एक पैलवानी गडी उठून म्हणाला.

"पूर आल्यावर बंदूक येणार हाय काय वाचवायला?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह हसलं.

"माझ्या सुनेला परसात केस वाळवाय येईनात," एक म्हातारी उभी राहून म्हणाली. "त्याचं काय करताय ते सांगा आधी."

तिचं म्हणणं संपायच्या आत दुसरा एक जण उठला. त्याच्या बापाचं इन्सुलिन ड्रोननं येत होतं. बंदी घातलीत तर बाप मारल्याचं पाप तुमच्या माथी, असं त्यानं टेबलावरच्या साहेबांना सुनावलं. कुणाचंच चुकत नव्हतं आणि कुणीच कुणाचं ऐकत नव्हतं.

मग भरतेश उठला. हात जोडून म्हणाला, "बंदी नको, मोकळीकही नको. मालकाला विचारा. ज्याचं घर, त्याचं आकाश." टाळ्यांनी छत उडायची वेळ आली. आईनं माझ्या मांडीवर थाप मारली. पुढं कायदा झाला तेव्हा त्याच्या पहिल्या पानावर हेच वाक्य होतं.

कायदा असा होता. प्रत्येक घराच्या हद्दीवर एक अदृश्य खांब उभा आहे असं धरायचं. जमिनीपासून चाळीस मीटर उंचीपर्यंतचा तो खांब घरमालकाचा; त्याच्या वर उडायची कुणालाच मुभा नाही. नोंदणी झालेल्या प्रत्येक ड्रोनमध्ये एक चकती बसवलेली असते, आणि कुठला खांब आपल्याला उघडा आणि कुठला बंद हे ती सतत तपासते. खांब बंद असेल, तर उडवणाऱ्यानं कितीही बटणं दाबली तरी ड्रोन हद्दीवरून माघारी फिरतो. मालकानं एखाद्या ड्रोनला संमती दिली, तर त्या ड्रोनपुरता खांब उघडतो आणि मालक हरकत घेईपर्यंत उघडा राहतो. रस्ते, मैदानं, नदीचा घाट यांना मालक नसतो, म्हणून तिथलं आकाश सगळ्यांना मोकळं.

राहिला प्रश्न मालकाला विचारायचं कसं, हा. अर्ज कुणी भरत नाही हे सरकारला कळून चुकलं होतं. तेव्हा त्यांनी घरोघरी मीटरशेजारी एक यंत्र बसवलं. करवंटीएवढं, पांढरं. नाव ठेवलं 'कानोसा'. ड्रोन हद्दीवर येऊन परवानगी मागतो, घरमालक आपल्या साध्या बोलीत उत्तर देतो, आणि कानोसा ते ऐकून ठरवतो की ही हरकत की संमती. घरातल्या बाकीच्यांचं म्हणणं मोजत नाहीत. नोंद झाली की यंत्रावर लाल किंवा हिरवा दिवा क्षणभर लुकलुकतो. नुसते शब्द ऐकून भागत नाही हे ते बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. माणूस मनाविरुद्ध बोलतो तेव्हा त्याचा श्वास अडतो, आवाज खाली जातो, शब्दांच्या मध्ये फट पडते. कानोसाला हजारो माणसांची बोलणी ऐकवून या खुणा शिकवल्या होत्या.

फक्त एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही. आमच्याकडची माणसं मनातून जितकी नाराज, तितकं 'हरकत नाही' गोड म्हणतात. न अडखळता, वरच्या पट्टीत, हसून. जन्मभराच्या सवयीनं ते इतकं गुळगुळीत झालेलं असतं की त्यात फट कुठून सापडणार? यंत्राला त्यात शंभर नंबरी राजीखुशी ऐकू येते.

आता माझं सांगते. पूर ओसरला आणि भरतेशचा ड्रोन रिकामा झाला. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. एका संध्याकाळी घरी आले तर तो हसून म्हणाला, "आज बँकेच्या दारात कुणाशी बोलत होतीस गं? खुशीत दिसलीस, म्हणून विचारलं." मग रोजच सुरू झालं. भजी खाल्लीस वाटतं. आज लांबच्या रस्त्यानं आलीस. ती पिवळी ओढणी आता नको वापरूस, वरून फार उठून दिसते. त्यानं कधी आवाज चढवला नाही, हात तर कधीच उचलला नाही. "पूरवीर आहे मी, बायकोची काळजी नको करू?" असं म्हणायचा, आणि ऐकणारे कौतुकानं मान डोलवायचे. मला मात्र रस्त्यानं चालताना मान खाली घालायची सवय लागली. टाळूवर सतत कुणाचं तरी बोट टेकलेलं आहे असं वाटायचं. एके दिवशी लॅबमधून निघाले ती त्याच्या घरी न जाता आईकडे आले.

आईनं दार उघडलं आणि माझ्या हातातली बॅग बघितली.

"भांडण झालं?"

"नाही."

"मारलं?"

"नाही गं. बघतो."

"बघतोय म्हणजे काळजी हाय," आई म्हणाली. "तुझ्या आप्पांनी मला कधी बघितलं का? नवी साडी नेसून पुढ्यात उभी राहिले तरी पेपर खाली न्हाई केला."

पण तिनं बॅग आत घेतली. मी मागच्या खोलीत माझी मेणाची हत्यारं मांडली आणि लॅबचं कोरीवकाम घरी आणून करायला लागले. आमचा खांब बंद होता. भरतेशचा ड्रोन यायचा, पण रस्त्यावर, फाटकाबाहेर थांबायचा. आत परसात मी केस मोकळे सोडून बसायचे, पिवळी ओढणी दोरीवर वाळत घालायचे. आम्ही जैन, सूर्य मावळायच्या आत जेवतो. आई आणि मी परसातच पाट मांडून जेवायचो. आभाळाकडे बघत घास घ्यायचा, यात इतकं सुख असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं.

मग एका संध्याकाळी आमटीत भाकरी कुस्करत असताना डोक्यावर घोंघाव ऐकू आला. वर बघितलं. ड्रोन परसाच्या बरोबर मध्यावर, पेरूच्या झाडाच्या उंचीवर येऊन थांबला होता.

"जेवताय काय आई?" भरतेशचा आवाज आला. "सन्मती वाळली की हो. जेवत नाही वाटतं नीट."

माझा घास हातातच राहिला. आणि आईनं काय केलं? खांद्यावरचा पदर डोक्यावर ओढून घेतला आणि ताटावरून अर्धवट उठून त्या प्लास्टिकच्या भुंग्याला म्हणाली, "या की भरतेशराव, जेवून जावा."

दुसऱ्या दिवशी मी आकाशहद्द कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी नदाफ मॅडम, वयानं माझ्याएवढ्याच, कामानं गांजलेल्या. त्यांनी पडद्यावर आमचं घर काढलं.

"नोंद तर आहे की. ड्रोननं सकाळी हद्दीवर परवानगी मागितली. उत्तर संमती. आवाज घरमालकीण त्रिशला मगदूम यांचाच."

"शक्य नाही. आईला माहीत आहे मी का आलेय ते. तिचं बोलणं ऐकवा मला."

"ते त्यांच्यासमोरच ऐकवता येतं. कुणाच्याही घरातलं बोलणं असं ऐकवत सुटलो तर उद्या आमचीच सुनावणी लागंल." त्यांनी तक्रारीची खिडकी उघडली. "तुमचं नाव सांगा."

"सन्मती."

त्यांची बोटं थांबली. "काय म्हणालात?"

"सन्मती. भगवान महावीरांचं नाव आहे ते."

"आई तुम्हाला हाक कशी मारतात? तशीच मारून दाखवा जरा."

मी त्या कार्यालयात, चार माणसांदेखत, आई मारते तशी लांबलचक हाक मारली. टेबलावरच्या नमुन्याच्या कानोसावर हिरवा दिवा लुकलुकला आणि पडद्यावर अक्षरं उमटली: संमती.

नदाफ मॅडम आधी हसल्या, मग मीही हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोट धरून हसले. आई दिवसभर माझ्या नावानं हाका मारते. ड्रोन दाराशी येऊन विचारत असणार आणि तेवढ्यात ही स्वयंपाकघरातून ओरडत असणार, 'सन्मतीऽ, दूध बघ!' नाव ठेवताना आप्पांना काय ठाऊक, की एक दिवस सरकारचं यंत्र बारसं जेवायला येईल! मॅडमनी तिथल्या तिथं दुरुस्ती केली. आमच्या घरच्या कानोसाला सांगितलं की हे एक नाव आहे, हे ऐकू आलं तर सोडून दे, कशाचीही नोंद करू नकोस. खांब पुन्हा बंद झाला.

घरी येऊन आईला सांगितलं. तीही हसली. "बाई बाई, काय ते यंत्र!" म्हणाली आणि चहा ठेवायला आत निघून गेली. माझा चहा तेव्हा नुकताच झाला होता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या संध्याकाळी आभाळ मोकळं होतं. दुसऱ्या संध्याकाळी ताटं वाढायला आणि ड्रोन यायला एकच गाठ पडली.

मी पुन्हा तक्रार केली. या वेळी मॅडमनी आईला बोलावलं आणि नियमाप्रमाणे ड्रोनमालकालाही कळवलं. आम्ही पोचलो तर भरतेश आधीच येऊन बसला होता. आईला बघून तो उठला, तिच्या पाया पडला, स्वतःची खुर्ची तिला दिली. आईनं पदर डोक्यावर घेतला. मॅडमनी ध्वनिफीत लावली.

आधी चिमण्यांचा आवाज. मग फाटकाची कडी. आई रोज सकाळी बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात जायला निघते, तेव्हाचा तो वेळ. मी त्या वेळी झोपलेली असते. मग भरतेशचा आवाज आला, मऊ, लोण्यासारखा. "आई, संध्याकाळी जरा आत येऊन बघून गेलो तर चालेल ना? ती दिसली की जिवाला बरं वाटतं."

आणि आईचा आवाज. अडखळणं नाही, फट नाही. "अहो, या की! हरकत कसली त्यात. तुमचंच घर हाय."

मॅडमनी दुसरी ध्वनिफीत लावली. ती त्याच्या आधीच्या वेळची होती. तीच कडी, त्याच चिमण्या. "हरकत नाही हो. विचाराय कशाला पाहिजे?"

माझ्या नावाचा यात काहीएक संबंध नव्हता. मी आईकडे बघितलं. ती साडीच्या काठाला घड्या घालत होती. मला तिचा इतका राग आला की डोळ्यांपुढचं दिसेना. आणि त्या रागाच्या तळाशी लाजही होती. भर कार्यालयात पोट धरून हसले होते मी.

"आक्का," नदाफ मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "झालं ते झालं. आता तुम्ही माझ्यासमोर नुसतं एवढं म्हणा, माझी हरकत आहे. मी खांब बंद करते. पुढं तुम्ही परत हो म्हणेपर्यंत ते यायचे नाहीत."

आईनं भरतेशकडे बघितलं. तो मान खाली घालून बसला होता, शिक्षा ऐकायला बसलेल्या गरीब मुलासारखा.

"आता ह्यांनी काय वाईट केलंय मॅडम?" आई म्हणाली. "माझा जीव वाचवलाय त्यांनी."

"ते ठाऊक आहे सगळ्या गावाला. हरकत आहे का नाही, एवढंच सांगा."

"माझ्या एकटीच्या म्हणण्याला काय अर्थ... तुम्ही ठरवाल तसं."

"आई," मी म्हणाले. "म्हण ना गं. दोन शब्द आहेत."

तिनं तोंड उघडलं. ओठ हलले. मग ती भरतेशकडे वळून म्हणाली, "तुम्ही चहा घेतला का न्हाई?"

कायद्यात आहे की स्पष्ट उत्तर आलं नाही तर आधीची नोंद कायम. मॅडमनी ते वाचून दाखवलं, माझ्याकडे न बघता. भरतेश उठला. "असू दे मॅडम, आईंना आणखी त्रास नको," असं म्हणून पुन्हा तिच्या पाया पडला. आईनं त्याला आशीर्वाद दिला.

 घरी आल्यावर मी तोंड सोडलं. "तुला माणूस कळत नाही का? तो तुला विचारतो कारण तू नाही म्हणणार नाहीस हे त्याला पक्कं माहीत आहे. तुझी भीड विकून खातोय तो!"

आई खाटेवर बसली. 

"पत्र्यावर हुते मी," ती म्हणाली. "खाली पाणी. घाण पाणी, त्यात म्हशी वाहून चाललेल्या. मी हाका मारल्या, कुण्णी आलं न्हाई. नवकार मंत्र म्हणून डोळे मिटले, आता जायचं म्हणून. आणि वर आवाज आला. डोळं उघडून बघतीया तर हेच. हेच भुंगं, सन्मती. मला म्हणालं, आई, घाबरू नका, मी हाय. आता त्याला तोंड वर करून जा कसं म्हणू? जीभ रेटत न्हाई गं माझी."

 ती खोटं बोलत नव्हती, आणि मला तिच्या घरात श्वास घेता येत नव्हता. तिला वाचवलं तेव्हाच तिच्या डोक्यावरचं आकाश त्यानं कायमचं घेऊन ठेवलं होतं, आणि त्याच आकाशाखाली मी केस वाळवायला बसले होते. मी मागच्या खोलीत जाऊन बॅग भरली. इचलकरंजीत लॅबमधल्या एका मैत्रिणीची खोली होती. चौथ्या मजल्यावर, वर आणखी मजले आणि मालकीण खमकी. तिथं निदान परस नव्हतं.

ऊन कलायला लागलं तशी आईनं परसात ताटं वाढली. तिनं माझ्या आवडीची वांग्याची भाजी केली होती. घोंघाव आला आणि पेरूच्या उंचीवर थांबला. मी बॅग घेऊनच बाहेर आले.

"कुठं निघालीस?"

"जाते मी."

"जेवून तरी..."

"नको."

"कुठं जातीयास? रस्त्यावर? दिवस मावळायला?" आई ताटावरून उठली. उष्ट्या हातानंच तिनं बॅगेचा पट्टा धरला. मी ओढला तर तिनं सोडला नाही. हे बोटांचं बळ मी सायकलच्या वेळी बघितलं होतं, पुण्याच्या नोकरीच्या वेळीही बघितलं होतं. "न्हाई जायचं! ऐकू येतंय का तुला? न्हाई म्हणजे न्हाई! माझी हरकत हाय!"

एवढ्या मोठ्यानं ती आयुष्यात बोलली नसेल. पेरूवरची पाखरं उडाली. भिंतीवर कानोसाचा लाल दिवा लुकलुकला, आणि डोक्यावरचा ड्रोन थरथरला. त्याच्या पोटातून बाईचा सरकारी आवाज आला, घरमालकाची हरकत नोंदवण्यात आली आहे. तो आपोआप वळला, भिंतीवरून गेला आणि फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन थांबला.

आमच्या परसावर नुसतं आभाळ उरलं. फिकट तांबूस, स्वच्छ. आई आणि मी दोघी वर बघत राहिलो. तिच्या हातून बॅगेचा पट्टा सुटला होता, पण मी हलले नाही. क्षणभर मला वाटलं, झालं. सुटलो आपण. भाजी गार व्हायच्या आत बसावं.

"आई," रस्त्यावरच्या ड्रोनमधून भरतेशचा आवाज आला, दुखावलेला. "माझं काही चुकलं का?"

आईचा उष्टा हात पदराकडे गेला.

"अवो न्हाई, न्हाई! तुम्हाला न्हवं म्हटलं भरतेशराव, हिला म्हटलं. तुम्हाला कसली हरकत?"

दिवा हिरवा लुकलुकला.

मी बॅग उचलली आणि फाटकाची कडी काढून रस्त्यावर आले. खांब ड्रोनला उघडा झाला होता, पण आत यायची त्याला आता गरज नव्हती. तो माझ्या डोक्यावर आला, आणि मी चालायला लागले तसा बरोबर चालायला लागला. रस्त्यावरच्या कुणी मान वर करून बघितलंही नाही. रस्त्याला मालक नसतो, हरकत कुणाची घ्यायची?

मागून आई हाका मारत होती. "सन्मतीऽ! सन्मतीऽऽ!" मी वळून एकदाच बघितलं. ती फाटकाशी उभी होती, पदर डोक्यावरून घसरलेला, आणि तिच्या मागे भिंतीवर ते पांढरं यंत्र. ते लाल झालं नाही, हिरवंही झालं नाही. माझं नाव त्यातून मीच काढून घेतलं होतं.